घंगाळातलं तळं

मुस्तालंपी म्हणजे काळं तळं. हे नाव कुणा जुन्या माणसानं ठेवलं आणि ते चुकीचं नाही, कारण आमच्या तळ्याचं पाणी बिनदुधाच्या कॉफीसारखं असतं. पण त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याला काय झालं कोण जाणे. वारा पडलेला, ऊन असं की मासे धक्क्याच्या सावलीत रांग लावून उभे, आणि एका सकाळी बघतो तर आमच्या काठाला वाटाण्याचं सूप येऊन लागलेलं. दुपारपर्यंत ते इतकं दाट झालं की एका बेडकानं धक्क्यावरून उडी मारली तो पाण्यात गेलाच नाही. वरच बसला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली आणि चालत काठाला आला.

रौहा म्हणते, तो बेडूक नव्हता, बर्चचं पान होतं. रौहा माझी शेजारीण. उभा जन्म तिनं फिरत्या वाचनालयाची बस चालवली. त्यामुळे जगातलं सगळं तिला ठाऊक असतं, निदान तसं ती समजते. मी काही सांगायला लागलो की ती मध्येच दुरुस्ती काढते. माझ्या आजोबांनी या तळ्यात होडीएवढा पाइक मासा धरला होता असं मी म्हणालो, तर ही विचारणार, कुठली होडी, शेजारच्या एन्सियोची की तुझी? अशा बाईच्या शेजारी राहून गोष्ट सांगणं म्हणजे तळाला भोक असलेल्या होडीतून शर्यतीला उतरणं. तरी मी तिथंच राहतो. दुसरीकडे कुठे माझं कुणी ऐकूनही घेत नाही.

तर त्या सुपाला आमच्याकडे निळं शेवाळ म्हणतात. असतं हिरवं. पण नाव ठेवणारे सरकारी लोक, त्यांना कोण सांगणार? साधं शेवाळ म्हणजे गरीब जात. काठी घालून उचललं तर केसांसारखं लोंबतं. हे निळं शेवाळ काठीला धरत नाही, त्याचा चुरा होतो. आणि ते विषारी असतं. माणसाच्या अंगाला खाज सुटते, पोट बिघडतं. कुत्र्याचं मात्र सगळंच बिघडतं. कुत्रा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी पितो आणि वर काठाला येऊन अंग चाटतो. म्हणजे एकदा पिऊन झालं की पुन्हा पितो. मागे पलीकडच्या काठावरचा एक धिप्पाड शिकारी कुत्रा सकाळी पोहला आणि दुपारचं ऊन त्यानं पाहिलं नाही. हे मी रचलेलं नाही. रौहानं स्वतः हे कधी दुरुस्त केलं नाही.

आणि रौहाकडे होता पोमो.

पोमो म्हणजे आमच्या भाषेत साहेब. कोल्ह्याच्या रंगाचा, उभ्या कानांचा, शेपूट पाठीवर दोराच्या वेटोळ्यासारखी गुंडाळलेली. रौहाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीत तो पिल्लू होऊन बसलेला सापडला. कुणीतरी मुदत संपली म्हणून परत केला होता. रौहा म्हणते, तिनं तो रीतसर शोधून, चौकशी करून घरी आणला. असेल. पण पोमोची वागणूक वाचनालयातल्यासारखीच होती. कुणी मोठ्यानं बोललं की तो भुंकून गप्प करायचा. रौहा माणसांशी जेवढं बोलते त्याच्या दसपट त्याच्याशी बोलायची, आणि त्याला मात्र कधी दुरुस्त करायची नाही.

आमच्या काठावरच्या घरांचा मिळून एक सौना आहे, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली, धक्क्याला लागून. दर शनिवारी एका घराची पाळी. पाळी ज्याची त्यानं लाकूड फोडायचं, भट्टी पेटवायची, पाणी भरायचं. आधी बायका, मग पुरुष. आत भाजून निघालं की धक्क्यावरून थेट तळ्यात. पोमोला आत यायला मनाई होती, पण तळ्यातली उडी ही त्याची जबाबदारी असं त्यानं ठरवून टाकलं होतं. रौहा पाण्यात पडली रे पडली की मागोमाग साहेब. तिच्याभोवती एक फेरी मारायची, बाई बुडालेली नाही याची खात्री करायची आणि अर्धं तळं पिऊन काठाला यायचं. इतकी वर्षं हे असंच.

त्या शनिवारी पाळी रौहाची होती.

शुक्रवारी खांबावर सूचना लागली की तळ्यात उतरू नका, जनावरांना उतरू देऊ नका. सूचना लागायच्या आधीच रौहानं काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं होतं. कॉफी पिऊन होईतो बरणीच्या तोंडाशी हिरवी साय जमली. तिनं ती बरणी दारोदार नेऊन दाखवली. नवजात नातवंड दाखवावं तसं दोन्ही हातांनी धरून. मग प्रश्न आला सौन्याच्या पाण्याचा, कारण आमच्या सौन्याला नळ नाही, पाणी तळ्याचंच.

एन्सियो म्हणाला, पाणी हंड्यात उकळतंच की. एन्सियो हा आमच्या चर्चचा निवृत्त ऑर्गनवाला. एका कानानं कमी ऐकतो, दुसऱ्यानं ऐकायचं नाही असं ठरवलेलं. त्याच्या मते सौन्यात उकळून, भाजून आणि वाफ काढून न गेलेली गोष्ट जगात एकच, ती म्हणजे त्याची सासू. रौहानं त्याला सांगितलं की हे विष उकळून जात नाही, आणि तापल्या दगडांवर ते पाणी टाकलं तर वाफेबरोबर थेट छातीत जाईल. एन्सियोनं दोन्ही कान बंद केले. पण पाळी तिची होती, आणि पाळी ज्याची त्याचा शब्द चालतो. शनिवारी सकाळी आम्ही सगळे रौहाच्या विहिरीपासून सौन्यापर्यंत ओळीनं उभे राहिलो आणि बादल्या हातोहात दिल्या. इतकं पाणी वाहिलं की विहिरीच्या तळाशी माझ्या आत्याचा हरवलेला बूट दिसायला लागला.

मग पोमोचा बंदोबस्त. रौहा घरी ठेवून आली असती, पण घरी एकटा ठेवला की तो भुंकून खिडक्यांच्या काचा हलवतो, आणि शनिवारी तर ऐकायलाच नको. तेव्हा बांधायचा, पण सौन्याजवळच, सावलीत. सौन्याच्या उत्तरेच्या भिंतीशी तिनं जागा निवडली. दोर घेतला, खुंटीला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि ओणवी होऊन तळ्याकडे चालत गेली. हात लांब केला, मान लांब केली, जीभसुद्धा थोडी बाहेर काढली असं मला वाटतं. पाणी अजून चांगलं लांब होतं. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं आणि दोर पोमोच्या गळपट्ट्यात गेला. विहिरीच्या पाण्याचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. ते त्यानं लगेच पंजानं उलटं केलं, कारण भांड्यात पाणी देणं हा त्याला नेहमीच अपमान वाटत आला होता.

आता इथे मला एका घंगाळाबद्दल सांगायला हवं.

सौन्यातलं थंड पाणी ज्यात भरून ठेवतो ते आमचं घंगाळ लाकडी आहे, पाइनच्या फळ्यांचं, लोखंडी पट्ट्यांत बसवलेलं. उन्हाळ्यात ते कोपऱ्यात पडून पडून सुकतं, फळ्या आकसतात, आणि पाणी भरलं की चारी बाजूंनी पिचकाऱ्या. म्हणून पाळी ज्याची त्यानं ते काही दिवस आधी दगड घालून तळ्यात बुडवून ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी मिटतात. मग शनिवारी ते वर काढायचं, आणि काढल्यावरही थोडं पाणी आत ठेवायचं, नाहीतर उन्हात पुन्हा सुकायचं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. श्वास घ्यायलाही कुठे कुणी शिकवतं?

रौहानं घंगाळ बुडवलं तेव्हा तळं काळंच होतं. मग सूप आलं. शनिवारी सकाळी एन्सियोनं रबरी हातमोजे चढवून, आकड्यानं ओढून ते बाहेर काढलं, बाहेरून विहिरीच्या पाण्यानं धुतलं, स्वच्छ पुसलं, आत थोडं पाणी राहू दिलं, आणि विहिरीचं पाणी बादल्यांतच ठेवलेलं असल्यानं ते नेऊन ठेवलं सावलीत. उत्तरेच्या भिंतीशी. माझ्यासकट सगळ्यांनी ते पाहिलं. पण आम्हाला ते घंगाळ दिसलं. तळं ते, जे समोर हिरवं पसरलं होतं. आम्ही सगळे त्याच्यावर नजर ठेवून होतो, आणि त्याचं एक पिल्लू आमच्या पाठीमागे भिंतीला टेकून बसलं होतं.

बायकांचं झालं. मग आम्ही आत गेलो, मी आणि एन्सियो. बाकीचे पुरुष गवत कापायला गेले होते. मी वरच्या फळीवर, तो खालच्या. तो वाफेसाठी दगडांवर ओगराळ्यानं पाणी टाकतो आणि बोलत नाही, म्हणून मला त्याच्याबरोबर बसायला आवडतं. मी त्याला बेडकाची गोष्ट सांगत होतो. तिच्यात आता आणखी दोन बेडूक आले होते. तेवढ्यात दार उघडलं. रौहा दारात. आमच्याकडे पुरुषांच्या वेळी बाई दार उघडत नाही. घराला आग लागली तरी आधी ठोठावते.

"पोमोची दाढी हिरवी आहे," ती म्हणाली.

एवढंच. एन्सियोनं ओगराळं खाली ठेवलं.

बाहेर आलो तर पोमो भिंतीशी उभा, हनुवटीवर हिरवी दाढी, आणि चेहऱ्यावर समाधान. घंगाळ उलटं पडलेलं. ते रौहानं रागानं लाथेनं उलथवलं होतं, म्हणजे त्यात किती उरलं होतं ते बघायची सोय राहिली नव्हती. फोन तिच्या कानाला. पलीकडे शहरातली जनावरांची डॉक्टरीणबाई सांगत होती: स्वच्छ पाण्यानं तोंड आणि अंग धुवा, चाटू देऊ नका, घरच्या घरी ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका, ताबडतोब घेऊन या. आमच्या आंघोळीचं विहिरीचं पाणी सगळं पोमोवर गेलं. मग रौहा सौन्याच्या ओसरीत शिरली. खुंटीवर एन्सियोची विजार होती. तिनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि विजार परत खुंटीवर नीट लटकवली.

"दोघं मागे बसा. एकानं डोकं धरा, एकानं पाय. जीभ अंगाला लागता कामा नये," ती म्हणाली, आणि गाडी सुरूही केली. कपडे घालायला वेळ नव्हता. आम्ही कमरेला पंचे गुंडाळले आणि बसलो.

रौहानं बसखेरीज काही चालवलेलं नाही, आणि बस तिनं आयुष्यभर अशी चालवली की पुस्तकं फडताळातून पडू नयेत. त्या दिवशी मात्र तिनं आयुष्यभराची राहिलेली घाई काढली. कोपऱ्यावर एक मूस हरीण रस्त्यात उभं होतं, घराएवढं. त्यानं गाडीकडे पाहिलं, गाडीतल्या रौहाकडे पाहिलं आणि माघार घेत खड्ड्यात जाऊन बसलं. एन्सियोच्या त्या जुन्या, मासे वाहून वास धरलेल्या गाडीनं तिच्या जन्मात असा वेग पाहिला नव्हता. वाटेत वेगाच्या कॅमेऱ्यानं आमचा फोटो काढला तर त्यात नुसता वास आला असेल, माशांचा. हे मी रौहाला अजून सांगितलेलं नाही.

निम्म्या वाटेवर मी खाली वाकून बघितलं. पोमोच्या तोंडातून लाळ यायला लागली होती, आणि माझ्या हातातले त्याचे मागचे पाय थरथरत होते. तो भुंकत नव्हता. गाडीत बसल्यावर आम्हाला ओरडायचं सोडून तो गप्प होता, हेच मला कसंतरी वाटलं.

"श्वास घेतोय?" रौहानं विचारलं. मी घेतोय म्हणालो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

एन्सियोला धीर द्यायची त्याची एकच रीत ठाऊक. तो गुणगुणायला लागला. सावकाश, खालच्या पट्टीत, डोळे मिटून.

"एन्सियो," रौहा आरशात न बघता म्हणाली, "हे भजन तू कुणाला पोचवताना वाजवतोस ते मला माहीत आहे. गप्प बस."

तो गप्प बसला. त्याला ते दोन्ही कानांनी ऐकू गेलं.

दवाखान्यात पोमोला लगेच आत नेलं, आणि रौहा त्याच्याबरोबर आत. आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर. पंचे, उघडे पाय, आणि डोक्यावरून अजून वाफा निघत होत्या. माझ्या केसांत बर्चचं एक पान अडकलं होतं. समोर एक बाई मांजराची टोपली घेऊन बसली होती आणि एक माणूस ससा घेऊन. दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. आमच्याकडे दुसऱ्याच्या पंच्याबद्दल विचारत नाहीत. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं उठून कुत्र्यांसाठी ठेवलेली दोन ब्लँकेटं आमच्या मांडीवर आणून टाकली. बराच वेळ गेल्यावर सशाचा माणूस घसा खाकरून म्हणाला, "सौन्यात किती डिग्री होतं?"

"ऐंशी," एन्सियो म्हणाला.

त्यानं मान हलवली. "चांगलं आहे," म्हणाला आणि पुन्हा कॅलेंडरकडे वळला.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आली, मागून रौहा. डॉक्टरीणबाईला दोन गोष्टी हव्या होत्या: तो किती प्यायला आणि कधी प्यायला. थोडं आणि आत्ताच प्यायला असेल तर बाहेर काढता येईल. बराच वेळ झाला असेल तर दुसऱ्या वाटेनं जावं लागेल, आणि चुकीच्या वाटेनं गेलो तर वेळ हातचा जाईल. रौहाला ठाऊक नव्हतं. ती ओसरीत कॉफी पीत होती. एन्सियो म्हणाला, घंगाळात चार बोटं पाणी ठेवलं होतं. किती गेलं कोण सांगणार, ते तर उलथलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी वरच्या फळीवर होतो, आणि वरची फळी उत्तरेच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडून मला लपलप ऐकू आलं होतं. मी समजलो होतो, तळं धक्क्याला लागतंय. वारा पडलाय हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

"आर्मास," रौहा म्हणाली. तिनं माझा हात धरला, जो तिनं कधी धरलेला नाही. "आज एकदा. जे झालं तेच सांग."

आता माझी पंचाईत अशी की माझ्या तोंडात आधीच तयार होत होतं, आणि फार छान तयार होत होतं. एकदाच जीभ लावली आणि नाक मुरडून मागे सरला; नाहीतरी साहेबाला भांड्यातलं पाणी आवडतंच कुठे. हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर रंग आला असता. मला तो रंग बघायचा होता. खोटं आयुष्यभर मी उगाच बोललो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची कुणाला गरज होती, आणि त्याच दिवशी ते चालणार नव्हतं.

"एन्सियोनं दुसरं ओगराळं टाकलं तेव्हा सुरू झालं," मी म्हणालो. "दगडांवरचं चुरचुरणं थांबायच्या आत थांबलं. मी बेडकाची गोष्ट सांगत होतो. मग पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी जास्त लांब. तिसऱ्या ओगराळ्याला रौहानं दार उघडलं."

डॉक्टरीणबाईनं एन्सियोला विचारलं की दोन ओगराळ्यांत किती वेळ जातो. हे मात्र तो घड्याळापेक्षा नेमकं सांगतो, ऑर्गनवाला आहे तो. बोटांनी बाकावर ताल धरून त्यानं सांगितलं. बाई मनाशी हिशेब करत होती. मग तिनं मला एकदा नीट न्याहाळलं: पंचा, ब्लँकेट, केसातलं पान. आणि रौहाकडे वळून विचारलं, या गृहस्थांच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा का?

रौहा माझ्याकडे बघत राहिली.

"ठेवा," ती म्हणाली. "खोटं असतं तर यापेक्षा चांगलं असतं."

दार बंद झालं. पुढचं आम्हाला दिसलं नाही. नंतर कळलं की पोट रिकामं केलं, कोळशाची काळी पूड पाजली, पायाला सलाइन लावलं. आम्ही बसून राहिलो. मांजराची बाई गेली, ससा गेला. मी रौहाला काहीतरी सांगावं म्हणून आजोबांच्या पाइक माशाचं काढलं. तो आता होडीएवढा राहिला नव्हता, चर्चएवढा झाला होता, आणि रविवारी त्याच्या पोटात प्रार्थना भरायची. रौहानं एकदाही दुरुस्त केलं नाही. मी त्या माशाला घंटा बसवली, मनोरा बसवला, पाद्री नेमला. ती भिंतीकडे बघत होती. मग मीही थांबलो. दुरुस्त करायला कुणी नसलं की खोटं बोलण्यात काही राम राहत नाही.

उजेड तिरपा झाला तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आली. थरथर थांबली होती. रात्रभर ठेवून घेऊ म्हणाली, यकृत कसं वागतं ते बघू. दुसऱ्या दिवशी पोमोला घरी सोडताना तिनं एवढंच बजावलं की खाण्यावर लक्ष ठेवा. आपण होऊन खायला लागला की सुटलात. नाही खाल्लं तर संध्याकाळी पुन्हा घेऊन या, वाट बघू नका.

आणि पोमो खाईना.

रौहानं उकडलेली कोंबडी ठेवली. त्यानं तिकडे पाठ केली. तळलेली छोटी मासळी ठेवली, साय ठेवली, एन्सियोनं सॉसेज आणलं आणि ते हातात धरून बराच वेळ ओणवा राहिला. साहेब रागावले होते. त्यांच्या दृष्टीनं बघा ना: बाईनं बांधून ठेवलं, अंगावर बादल्या ओतल्या, दोन उघड्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर कोंबून परक्या घरी नेलं, आणि तिथे कोळसा खायला घातला. तो उठला, कुंपणाखालून सरपटला आणि माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसला, रौहाच्या घराकडे पाठ करून. पाय अजून थोडे लटपटत होते. कान खाली.

दुपार गेली. रौहा माझ्याकडे आली आणि पायरीवर, त्याच्यापासून थोडी लांब बसली. गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती. ती वारंवार सूर्याकडे बघायची आणि मग त्याच्या पाठीकडे. रागावलाय की आजारी आहे, हे पाठीवरून कसं ओळखायचं? तिनं मला विचारलं. मी कॉफी केली, बशीत दोन वेलचीचे पाव घेतले, आणि तिच्या शेजारी बसलो. बशी मांडीवर, आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून तेच सुरू केलं, माशाच्या पोटातल्या चर्चचं. पाद्री आता म्हातारा झाला होता आणि त्याच्या जागी एन्सियो ऑर्गन वाजवायला जात होता, पाण्याखाली, नाकाला चिमटा लावून.

"पाण्याखाली ऑर्गन वाजत नाही," रौहा यांत्रिकपणे म्हणाली. "भात्यात हवा लागते."

मी तिच्याकडे वळून सांगायला लागलो की हवा माशाच्या कल्ल्यांतून यायची. हात हलवून सांगत होतो. माझी मांडी हलकी झाल्यासारखी वाटली. रौहानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला, म्हणजे हलू नकोस.

पोमोनं माझ्या बशीतला एक पाव उचलला होता. तो आमच्याकडे पाठ करून, मान खाली घालून, मधूनमधून एक कान आमच्याकडे वळवून खात होता.

"बेदाणे आहेत का यात?" रौहानं ओठ न हलवता विचारलं.

बेदाणे कुत्र्याला विषासारखे. मी नाही म्हणालो. हे खरं होतं.

तिनं दवाखान्यात फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू येत नव्हतं, पण तिचं ऐकू येत होतं. हो, खाल्लं. वेलचीचा पाव. नाही, मी दिला नाही, शेजाऱ्याच्या बशीतून चोरला. हो, एरवीही असंच करतो. मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली, आणि किल्ली मुठीतून पायरीवर पडली तरी तिनं उचलली नाही.

फोन ठेवून तिनं माझी बशी काढून घेतली, दुसरा पाव कडेला सरकवला आणि बशी पोमोच्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवली. मग तोंड तळ्याकडे केलं.

"मग? एन्सियोच्या नाकाच्या चिमट्याचं पुढे काय झालं?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघून सांग. तिकडे बघू नकोस."

मी सांगत राहिलो. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती मला कल्ल्यांबद्दल दुरुस्त करत होती.